विरजणाची वाटी

तांडापेठेत बायजाबाईला ओळखत नाही असं कोणी नव्हतं, आणि तिच्याकडे घटकाभर बसायला जाईल असंही कोणी नव्हतं. यात कोणाला बोल लावायचा? ज्या घरात सासू, सुना, पोरंबाळं आणि वर हातमाग, त्या घराला दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसायला फुरसत कुठून मिळणार? बायजाबाईकडे यातलं काहीच उरलं नव्हतं. पोटी मूल झालं नाही. नवरा नत्थूजी ऐन चाळिशीत गेला. मागं हातमाग राहिला, तोही तिनं विकून टाकला. पुढच्या खोलीत फक्त खड्डा राहिला, नत्थूजी ज्यात पाय सोडून विणायला बसायचा तो. बायजाबाईनं त्यावर फळ्या टाकल्या आणि विणकरांच्या सोसायटीत लुगड्यांच्या घड्या घालायला जाऊ लागली.

दिवस कसाही निघायचा. संध्याकाळी मात्र घर खायला उठायचं. त्यावर बायजाबाईनं आपल्यापुरता एक उपाय शोधून काढला होता. दिवे लागले की गल्लीत कोणी विरजण घराबाहेर देत नसे. म्हणून दिवेलागणीच्या आधी ती हातात वाटी घेऊन निघायची, बहुतेक वेळा शेजारच्या सखूबाईकडे, कधी आणखी कोणाकडे. विरजण मागायला आलेल्या बाईला दारातून हाकलता येत नाही. वाटी भरेपर्यंत पोराचा ताप, सुनेचं माहेर, भाजीचा भाव असं काही ना काही बोलणं होतंच. तेवढं पदरात पाडून ती घरी यायची आणि आणलेलं विरजण शिंक्यावरच्या मडक्यात ओतायची. ते मडकं आधीच दह्यानं भरलेलं असायचं. ही गोष्ट तिनं कोणाजवळ काढली नव्हती.

मग एका वर्षी सोसायटीचे सेक्रेटरी रुपराव एक निरोप घेऊन आले. शहराच्या सदर भागात मुलांच्या हक्कांसाठी काम करणारी एक संस्था होती. तिथं दर हिवाळ्यात कॉलेजच्या मुली तीन महिने काम शिकायला यायच्या. बाहेरगावच्या मुलीला राहायला चांगलं घर पाहिजे होतं. भाडं किती मिळेल हे विचारायच्या आधीच बायजाबाई हो म्हणून बसली.

तेव्हापासून दर हिवाळ्यात एक मुलगी येऊ लागली. दिवसभर हॉटेलं, विड्यांचे कारखाने, स्टेशन पालथं घालायचं, कपबशा विसळणाऱ्या पोरांना शाळेत का जात नाही म्हणून विचारायचं, आणि संध्याकाळी सुजलेले पाय घेऊन बायजाबाईच्या चुलीपुढे येऊन बसायचं. ते तीन महिने वाटी चुलीमागच्या फळीवर पालथी असायची. मग मुलगी डोळे पुसत निघून जायची, एखाद्या दिवाळीला तिचं कार्ड यायचं, आणि पुढे लग्न झालं की तेही बंद. बायजाबाई त्यांना नावं ठेवत नसे. फळीवरची वाटी खाली काढायची आणि पुन्हा गल्लीनं निघायची.

आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या, म्हणजे १९७९च्या हिवाळ्यात अमरावतीची चारुशीला आली. ही पोरगी बोलकी, भारी चौकस आणि मनानं साफ. एका रविवारी तिनं संस्थेची परवानगी काढून तिथं ठेवलेल्या शेवंताला घरी आणलं. पाचेक वर्षांची ही पोर बसस्टँडवर सापडली होती आणि तिला शोधत कोणीच आलं नव्हतं. आल्याआल्या तिनं खड्ड्यावरची एक फळी सरकवली आणि आत पाय सोडून ऐटीत बसली. नत्थूजीनंतर तिथं कोणी बसलंच नव्हतं. बायजाबाईनं पोरीला तिथंच दही-भाकर कुस्करून दिली, आणि पोरीनं पाय हलवत हलवत सगळी खाल्ली.

मग दर रविवारी शेवंता येऊ लागली. शनिवारी रात्रीच बायजाबाई दुधाला विरजण लावून ठेवायची.

संस्थेनं तेव्हा अशी मुलं चांगल्या घरांत सांभाळायला द्यायला सुरुवात केली होती. चारुशीलाच एकदा म्हणाली, "मावशी, शेवंताला तुम्हीच का नाही ठेवून घेत?"

बायजाबाईनं तव्यावरची भाकर तशीच राहू दिली. "मले देतील काय वं?"

"का नाही देणार? मी बोलते."

घर बघायला संस्थेच्या एक बाई येऊन गेल्या. घर स्वच्छ आहे म्हणाल्या, पण हा खड्डा लहान मुलाला धोक्याचा. दुसऱ्याच दिवसापासून बायजाबाई कामावरून आली की टोपलीनं माती वाहू लागली. खड्डा बुजवला, चोपला, वरून सारवून घेतला. नवऱ्याचे पाय जिथं असायचे तिथं आपल्या हातानं माती लोटताना तिला रडू आलं, पण हात थांबला नाही. कोणासाठी तरी रडत काम करायचं सुख तिला फार वर्षांनी मिळालं होतं.

रविवारी शेवंतानं दारातूनच विचारलं, "खड्डा कुठं गेला?"

"बुजवला, तुयासाठी."

"मग मी कुठं बसू?"

"माया मांडीवर," बायजाबाई म्हणाली, आणि पोर खरंच येऊन बसली.

त्या आठवड्यात एकदा जेवताना चारुशीलानं सहज विचारलं, "आम्ही मुली गेल्यावर तुम्ही काय करता हो मावशी?" इतक्या मायेनं तिला हे कोणी विचारलं नव्हतं. बायजाबाई विरघळली. वाटीची सगळी गोष्ट तिनं सांगून टाकली, भरलेल्या मडक्यासकट. सांगताना ती हसत होती. चारुशीलाच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

संस्थेची बैठक सदरच्या ऑफिसात भरली. म्हातारे अध्यक्ष भैय्याजी, दोन-तीन सभासद बाया, आणि ओळखीचा माणूस म्हणून सोसायटीचे रुपराव. बायजाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून खुर्चीच्या टोकावर बसली होती. या घराबद्दल काय वाटतं ते चारुशीलानं सांगायचं होतं, आणि तिनं ते जीव ओतून सांगितलं. मावशी कशा पाट मांडून आग्रहानं वाढतात, उशीर झाला की चौकापर्यंत कशा येऊन उभ्या राहतात. आणि मग तिनं वाटीची गोष्ट सांगितली. घरात मडकं भरून दही असताना ही बाई चार शब्दांसाठी दारोदार विरजण मागते. एक मूल आलं तर हे घर भरून जाईल.

एका बाईंनी पदरानं डोळे टिपले, आणि ते बायजाबाईला सगळ्यात जास्त लागलं. तिनं मान वर केली नाही.

भैय्याजी हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या मायेबद्दल शंका नाही. पण मूल देताना मुलाला काय पाहिजे ते बघावं लागतं. तुमचं एकटेपण घालवायचं ओझं त्या एवढ्याशा जिवावर कसं टाकायचं? आणि उद्या तुम्हाला काही झालं, तर पोरगी दुसऱ्यांदा रस्त्यावर येईल."

म्हातारा चुकीचं बोलला असंही म्हणता येत नाही, हीच तर पंचाईत. माणूस दुष्ट असता, तर वाटेतल्या सीताबर्डीपर्यंत त्याला शिव्या घालत येता आलं असतं. बायजाबाई बसमध्ये गप्प बसून आली.

शेवंताला रेल्वेतल्या एका क्लार्कच्या घरी दिलं. त्यांना दोन मुली होत्या. चारुशीला घरी येऊन ओक्साबोक्शी रडली. "मावशी, मी चांगलंच करायला गेले."

"खोटं कुठं सांगितलं तू? जेवून घे."

उरलेले दिवस बायजाबाईनं तिला गरम भाकर वाढली, जाताना पिशवी उचलून रिक्षापर्यंत नेली. पण जेवणखाणापलीकडे ती तिच्याशी काही बोलली नाही.

चारुशीला गेल्यावर वाटी फळीवरच राहिली. रुपरावांनी बायकोला सांगितलं असणार, बायकोनं नळावर. आता सगळी गल्ली आपल्याला हसत असेल, या विचारानं बायजाबाईला मेल्याहून मेल्यासारखं होई. ती कामावरून मागच्या बोळानं घरी येऊ लागली. दही लावणं सोडलं, एका तोंडाला दही कशाला? आणि ऊन भिंतीवरून उतरायच्या आतच ती दिवा लावून मोकळी व्हायची. दिवा लागला की विरजणाची वेळ संपली, मग पायही दाराकडे वळत नसत.

पुढच्या हिवाळ्यात नवी मुलगी आली. तिनंही एकदा विचारलं, "आजी, आम्ही नसतो तेव्हा करमतं का तुम्हाला?"

"न करमायला काय झालं? कामातून फुरसत कुठं भेटते मले," बायजाबाई म्हणाली. मुलीला ते पटलं. तीन महिने राहून तीही गेली.

त्यानंतर एका संध्याकाळी दारात सखूबाई उभी. हातात वाटी.

"बायजा, थोडं विरजण दे वं."

बायजाबाई बघतच राहिली. "तुया घरी दोन म्हशी, अन् विरजण मले मागून राहिली?"

"तू नव्हती मागत? शिंक्यावरचं तुयं मडकं मले काय दिसत नव्हतं?"

बायजाबाईचा चेहरा उतरला. "रुपरावाच्या बायकोनं सांगितलं तुले."

"तिनं आता सांगितलं. मले आधीपासून माहीत होतं."

"मग देत काहून होती?"

"तू येत होती म्हणून," सखूबाई म्हणाली. ती आत येऊन बुजवलेल्या खड्ड्याच्या जागेवर बसली, वाटी मांडीत घेऊन. "घरात अकरा माणसं हायेत, बायजा. सासू आपलंच गाऱ्हाणं सांगते, सुना हो-हो करून उठून जातात. तुयाजवळ माया जीवाचं दोन शब्द बोलणं होत होतं. वर्ष होऊन गेलं, मी रोज वाटीभर बाजूले काढून ठेवतो."

आपण इतकी वर्षं मागत होतो असंच बायजाबाई धरून चालली होती. आपणही कोणाला काही देत होतो, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"विरजण नाही माया घरी," ती शेवटी म्हणाली. "मी दही लावतच नाही आता."

"बरं," सखूबाई म्हणाली, आणि रिकामी वाटी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी बायजाबाई सोसायटीतून पुढच्या गल्लीनं घरी आली. दूध तापवलं, कोमट होऊ दिलं. भिंतीवर ऊन अजून होतं, पण तिनं दिव्याला हात लावला नाही. फळीवरची वाटी काढून घासली, पदराला पुसली आणि सखूबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. त्या दिवशी मात्र तिच्या घरी खरोखरच दही नव्हतं.