शंभरावर वाजणारी घंटी

"दुखत नाही म्हटलं ना एकदा!"

"तेच म्हणतेय मी, मावशी. दुखायला हवं होतं."

"वा गं वा! माझं बोट पिकावं म्हणून वाढवलं होय मी तुला?"

भाची बधली नाही. रुग्णालयाच्या रक्ततपासणीच्या खोलीत दोघी एकाच टेबलाशी बसायच्या. पेशी दिसाव्यात म्हणून काचेवर घालायचा रंग नीट चढतो का, हे पाहायला मावशी रोज सकाळी आपल्याच बोटाच्या रक्ताची पहिली काच करी. तीस वर्षांचा रिवाज. पण पाच दिवसांपूर्वीची टोच अजून उघडीच होती. भोवती कातडी काळवंडलेली. लाली नाही, पू नाही. अंगात मात्र ताप.

"लहानपणी मला काटा रुतला, तेव्हा तूच सांगितलंस," भाचीचा आवाज उतरला. "पू म्हणजे आपले मेलेले पहारेकरी. पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात, जंतू गिळतात नि तिथेच मरतात. तुझे कुठे गेले?"

"रजेवर!" मावशी हसली. एकटीच. "रंग जुना झालाय, बाई. पेशींवर चढतच नाही."

आठवडाभर तिच्या काचेवर पांढऱ्या पेशी जेमतेम दिसत, आणि ती रंगाला बोल लावी. रंगाच्या तीन बाटल्या तिने मोरीत ओतल्या होत्या.

"याच रंगात आत्ता माझ्या रक्ताची काच बुडवली. घंटी वाजली. आता तुझी मोज."

मोजणीच्या यंत्रावर दर पांढऱ्या पेशीला एक कळ दाबायची; शंभर भरले की घंटी वाजे.

मावशीने भिंगाला डोळा लावला. टक. टक. मग नुसत्या तांबड्या पेशी, लख्ख रंगलेल्या. रंगाला नाव ठेवायला जागाच नव्हती. भरवस्तीत सगळी दारं सताड उघडी असावीत आणि "कोण आहे?" म्हणून विचारणारं एकही माणूस नसावं, तसं वाटलं तिला. टक. मग किती तरी वेळ काहीच नाही. काचेचा काठ आला. ती पुन्हा मागे फिरली, कोपरे धुंडाळले. बोट कळीवर थांबून राहिलं. ते बोट तेच होतं, न दुखणारं.

आकडा नऊवर अडला होता.

"किती झाले, मावशी?"

मावशीने पांढरा कोट काढून खुंटीला अडकवला, त्याची कॉलर नीट केली. पिशवी उचलली. दाराबाहेर उजवीकडे घरी जायचं फाटक, डावीकडे वॉर्डाचा जिना.

"अगं, किती?"

ती डावीकडे वळली.