राक्षसअक्काची शेवटची वही

९ जुलैला सकाळी मी झेरॉक्स मशीनचा ड्रम काढून पुसत होते. हात कोपरापर्यंत काळे, आणि दारात राक्षसअक्काचे थोरले भाऊ, अण्णा. अक्काला जाऊन आठ दिवस झाले होते. मी हात न धुताच विचारलं, "वही आणलीत?"

बिदर जिल्ह्यात, मन्नाएखेळ्ळीला हायवेवर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. राक्षसअक्का बारा वर्षं तिथं आली आणि तिनं एका कागदाचीही झेरॉक्स काढली नाही. सकाळी ती भावाच्या किराणा दुकानात बसायची, दुपारी वहीत कादंबऱ्या लिहायची. बारा-पंधरा वर्षांच्या पोरींसाठी, राक्षसांच्या आणि जादूच्या. नाव त्यावरूनच पडलं. लिहून झालं की मी टाइप करायची आणि वही तिला परत द्यायची. एक प्रत काढून ठेव म्हटलं की म्हणायची, "गोष्टीला कळलं की आपली दुसरी प्रत हाय, की ती आळशी व्हती." असल्या बोलण्याला लोक प्रतिभा म्हणतात. मी बेफिकिरी म्हणते.

तिच्या कादंबरीतली मल्लव्वा म्हणजे इथल्याच निर्णा गावाकडची धनगराची पोर. विहिरीत पडलेल्या कोकरासाठी खाली उतरते आणि बिदरच्या जुन्या पाणबोगद्यांतल्या राज्यात अडकते. दोन भाग पुण्यात छापले गेले. तिकडं राहून असलं सुचतं कसं, असं प्रकाशकांनी फोनवर कौतुकानं विचारलं. अक्का म्हणाली, "राक्षसाला पुण्याचाच पत्ता लागतो काय?" आणि फोन ठेवून दिला. मल्लव्वा वर येणार की नाही, ते तिसऱ्या भागात ठरायचं होतं.

प्रत्येक प्रकरण ती आधी माझ्या दुकानासमोर बसची वाट बघणाऱ्या शाळेच्या पोरींना वाचून दाखवायची. मग विचारायची, "आता पुढं काय व्हावं?" पोरी भांडभांडून सांगायच्या. अक्का सगळं शांतपणे ऐकायची आणि घरी जाऊन बरोबर उलटं लिहायची. पोरी चिडायच्या, रडायच्या आणि आणखी एक पान मागायच्या. मी एकदा बोलले, तर म्हणाली, "त्यांना सुचलेलं त्यांच्यापाशी हायच की. तेच मी कामून परत देऊ?"

तिसऱ्या भागाची अठरा प्रकरणं टाइप झाली होती. शेवटच्या तिनाची वही घेऊन ती शनिवारी आली. दुकानात प्रवेशअर्जांची रांग होती. "सुमन, शेवट सांगू का? आधी तुलाच." मी मान वर न करता म्हटलं, सोमवारी आण, टाइप करताना कळेलच. रविवारी सकाळी किराणा दुकानात बसल्या जागी ती गेली.

अण्णा बाकावर टेकले. माणूस भला, म्हणूनच जास्त संताप आला. "तिचा जीव त्या वहीत व्हता," ते म्हणाले. "हातात लिंग दिलं, मांडीवर वही ठेवली. रिकामी कशी धाडायची?" त्यांच्या लिंगायतांत बसवून पुरतात, हातात इष्टलिंग देऊन. मातीला मीही होते, पण बायकांत मागं. मला काही दिसलं नाही.

मी त्यांना नको नको ते बोलले. शेवटी म्हटलं, "अण्णा, बहिणीबरोबर तुम्ही मल्लव्वालाही पुरलंत."

"व्हय," ते म्हणाले. "दोघी संगं हायत."

ते गेल्यावर मी ड्रम परत बसवला. माझंच दुकान, माझंच मशीन, आणि शनिवारी ती वही हातभर अंतरावर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरी बसला आल्या. शेवट कुणाला सांगितलाय का, मी विचारलं. त्यांनी एकमेकींकडं बघितलं. दोन वेण्यांची एक म्हणाली, "न्हाई काकू. अक्का म्हणल्या, आधी काकूला सांगते, मग तुम्हाला."

मी आत जाऊन फाइल उघडली, अठराव्या प्रकरणाखाली 'एकोणीस' टाइप केलं आणि दारात येऊन विचारलं, "आता पुढं काय व्हावं?" बस येईतोवर त्या भांडल्या. मल्लव्वानं वर कसं यावं यावर भांडण. यावंच, यावर एकमत. मी सगळं ऐकून घेतलं. बस गेली, तसं शटर अर्धं ओढलं आणि उलटं लिहायला बसले. पहिलं पान झाल्याबरोबर त्याची झेरॉक्स काढली.