एकही घर न गाळता

गेल्या महिन्यात एका मंगळवारी, इथे जॉर्जियातल्या अल्फारेटाच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना निखिलचा फोन आला. निखिल म्हणजे सुमनमावशीचा मुलगा. जन्म न्यू जर्सीतला, त्यामुळे एरवी माझ्याशी मराठी-इंग्रजीची खिचडी करून बोलतो. त्या दिवशी तीनच शब्द बोलला, "ताई, आई गेली..." त्याच्या तोंडून इतकं स्वच्छ मराठी मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यावरूनच हे खरं असल्याचं कळलं. हृदयाचं दुखणं दोन वर्षं होतंच. मी लॅपटॉप बंद केला आणि संध्याकाळचं विमान पकडलं. तिथल्या मराठी मंडळाच्या अंकात आता तिच्यावर 'समाजसेविका' म्हणून चार ओळी येतील. त्या वाचून ती पोट धरून हसली असती. म्हणून मीच लिहिते. सुमनमावशी शाम्पूच्या बाटल्यांना टोपणं बसवणारी कामगार बाई होती, आणि आपल्याच माणसांना विसरलेल्या एका पक्षाला त्या माणसांच्या दारात पुन्हा कसं जायचं हे तिनं शिकवलं. मला तिचा फार अभिमान वाटतो.

२००२ साली पुण्याहून व्हिसावर आले तेव्हा तिच्या घरातली वरची खोली मी भाड्यानं घेतली; नातं काही नव्हतं, मावशी ती तिथेच झाली. न्यू जर्सीतल्या आयसेलिनपासून पंचवीस मिनिटांवरचं गाव, नदीच्या अलीकडे नीटनेटकी घरं आणि नदीकाठी कामगारांच्या गल्ल्या. मावशी मूळची सोलापूरची, वडील गिरणीत. नवरा लवकर गेला, तेव्हापासून पॅकिंगच्या फॅक्टरीत सकाळची शिफ्ट करून तिनं निखिलला वाढवलं. माझं नाक पुणेरी. घरी फोनवर मी आईला सांगितलं, "त्या मॅन्युफॅक्चरिंगमध्ये आहेत." मावशी पोळ्या लाटत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "टोपणं लावते म्हणावं की गं. तुझ्या शाम्पूच्या बाटलीला नसतं का टोपण?" मी कानकोंडी झाले. तो विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही, पण मी मात्र तो विसरले नाही.

ती तिच्या पॅकिंग-लाइनवरची युनियनची प्रतिनिधीही होती, आणि तिच्या आयुष्यातली मोठी चूक तिथेच झाली. मी आले त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीनं पगारकपातीचा करार पुढे केला. गावातल्या विरोधी पक्षाचे, म्हणजे कामगारांचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पक्षाचे पुढारी फॅक्टरीच्या गेटवर येऊन म्हणाले, सह्या करा, फॅक्टरी वाचेल. मावशीचा त्यांच्यावर विश्वास. ती लाइनवर एकेकापाशी जाऊन सांगत सुटली. तिच्या लाइनचा मेकॅनिक रे, वीस वर्षांचा सोबती, सही करायला तयार नव्हता. त्यालाही तिनंच गळ घातली. सगळ्यांनी सह्या केल्या, आणि आठ महिन्यांत फॅक्टरीला कुलूप लागलं. पुढारी पुन्हा फिरकले नाहीत. रेनं मावशीशी बोलणं टाकलं. नदीकाठच्या गल्ल्यांतली निम्मी माणसं दुसऱ्या पक्षाकडे गेली, उरलेल्यांनी मत द्यायचंच सोडलं. मावशीला नंतर एका बेकरीत काम मिळालं, पण किती तरी दिवस ती जेवताना मधेच थांबायची आणि म्हणायची, "माझ्या शब्दावर सही केली गं त्यांनी..."

दोन वर्षांनी नगरपालिकेची निवडणूक लागली, तेव्हा ती आपणहून त्याच पक्षाच्या ऑफिसात गेली. मला मत नव्हतं, पण गाडी होती, आणि तिचे गुडघे दुखायचे. त्यामुळे मी ड्रायव्हर. तिथे केविन नावाच्या हुशार, सदा घाईतल्या पोरानं तिच्या हातात एक यादी दिली. कॉम्प्युटरनं काढलेली, पक्षाला मत देण्याची शक्यता असलेल्या घरांची. नदीकाठच्या एका अख्ख्या गल्लीत जेमतेम पाच घरं! चौदा नंबर, मग एकदम बावीस, मग तीस. मावशी चौदा नंबरच्या घरातून बाहेर पडली आणि थेट सोळा नंबरच्या पायऱ्या चढू लागली.

"मावशी, ते लिस्टमध्ये नाहीये!" मी गाडीतून ओरडले.

"हळदीकुंकवाचं बोलावणं करायला कधी गेलीयस का?" ती पायरीवरूनच म्हणाली. "मधलं घर गाळलं तर ती बाई जन्मभर लक्षात ठेवते. खिडकीतून बघत असते ना ती! आपण शेजारी गेलो आणि तिच्याकडे गेलो नाही, हे बघत असते."

मी कपाळावर हात मारून घेतला. पण वर पाहिलं तर अठरा नंबरच्या खिडकीचा पडदा खरोखरच हलत होता.

त्या शनिवारी यादीतली जेमतेम तीन घरं झाली, यादीबाहेरची अकरा. केविनच्या अंगाचा तिळपापड झाला. ही मतं आपली नाहीत, त्यांच्यावर वेळ का घालवता, असं तो म्हणाला. मावशीनं तिच्या इंग्रजीत उत्तर दिलं, "केविन, यू स्किप हाऊस, हाऊस रिमेंबर्स." आणि घरी येताना गाडीत मला म्हणाली, "तो पोरगा विचारतो, ही माणसं आपल्याला सोडून का गेली. अगं, ती कुठं गेली? तिथंच बसलीयेत. आपणच जायचं बंद केलं." पक्षानं काय करावं यावर मी पुढे किती तरी मोठमोठे लेख वाचले. यापलीकडचं काही त्यांत सापडलं नाही.

रेचं घर अर्थातच यादीत नव्हतं. अंगणात दुसऱ्या पक्षाची पाटी ठोकलेली. मावशी त्या पाटीला वळसा घालून गेली आणि तिनं बेल वाजवली. रेनं दार उघडलं. ती म्हणाली, "रे, मी सॉरी म्हणायला आले. सही कर म्हणून मी सांगितलं, माझं चुकलं. मत तू कुणालाही दे." त्यानं दार लावून घेतलं. जोरात नाही, हळूच... ते जास्त लागलं. मावशी गाडीत येऊन बसेल असं मला वाटलं, पण ती पदर सावरून पुढच्या घराकडे वळली. मग त्या गल्लीतल्या ओळखीच्या प्रत्येक दारात तिनं तेच पहिलं वाक्य म्हटलं, माझं चुकलं. काहींनी ऐकवलंही, आणि तिनं उभं राहून ऐकून घेतलं. मला इतका राग येत होता त्या लोकांचा! आज तिच्या त्या उभं राहण्याचाच मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो.

दुसऱ्या शनिवारी रेनं दार उघडलंच नाही. तिसऱ्या शनिवारी तो बाहेर येऊन पायरीवर बसला, आणि मावशी गुडघे धरून त्याच्या शेजारी. त्याची बायको आता हायवेपलीकडच्या वेअरहाऊसमध्ये कामाला जात होती. बस नदीच्या पुलापर्यंतच यायची, म्हणून पहाटे साडेपाचला अंधारात ती हायवेच्या कडेनं चालत जायची. तशा त्या गल्ल्यांतून तीस-चाळीस बायका जायच्या. आणि आमच्या पक्षाच्या पत्रकात काय होतं, तर बाजारपेठेतले नवे दिवे आणि कारंजं! मावशी त्याच दुपारी केविनला घेऊन आली. सोमवारी पहाटे तो त्या बायकांबरोबर हायवेच्या कडेनं चालला. परत आल्यावर ते पत्रक त्यानं स्वतः फाडलं.

ती निवडणूक आम्ही थोडक्यात हरलो. पण मावशी निकालानंतरच्या शनिवारीही फिरायला निघाली. आता कशाला, मी विचारलं. "बोलावणं झालं आणि कार्य मोडलं, तर सांगायला जायला नको का?" पुढची दोन वर्षं ती अशीच जात राहिली. केविनही बरोबर, यादी न घेता. मधल्या काळात बदली होऊन मी इकडे आले, तर दर रविवारी फोनवर कुठल्या घरी काय झालं ते ऐकायचं. गेल्या वर्षी पक्ष नगरपालिकेत निवडून आला आणि पहिल्या दोन महिन्यांत पहाटेची बस नदीकाठच्या गल्ल्यांतून सुरू झाली. मावशीनं मला फोन करून बसचा आवाज ऐकवला.

एक गोष्ट मात्र तिनं कधी केली नाही. मत कुणाला दिलं, हे तिनं कुणालाच विचारलं नाही. केविन मागे लागायचा, निदान रेला तरी विचारा. ती म्हणायची, "बोलावणं करणं आपलं काम. आलीस का, नाही आलीस, हे विचारायचं नसतं." पण रेचं तिच्या मनात होतंच. मागच्या हिवाळ्यात हॉस्पिटलमधून फोनवर बोलता बोलता ती एकदम म्हणाली, "रे बोलतो आता माझ्याशी. पण परत आला का गं तो? ...जाऊ दे." तिच्या शब्दावर सही केलेला तो शेवटचा माणूस होता.

फ्युनरल होममध्ये बाहेरपर्यंत रांग होती. बेकरीतल्या बायका, जुन्या लाइनवरची माणसं, आणि वेअरहाऊसच्या जॅकेटातच आलेल्या कितीजणी... मंडळातली एक बाई मला कुजबुजत म्हणाली, "सुमन एवढी कोण होती गं?" मी म्हटलं, "टोपणं लावायची."

रे सगळ्यांत शेवटी आला. हातात टोपी. तिच्या पायाशी उभा राहिला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तिनं कधी विचारलंच नाही. विचारेल, मग सांगीन, म्हणून मी थांबलो होतो." आणि खाली वाकून, तोंडातल्या तोंडात तिला म्हणाला, "इट वॉज यू, सू. बोथ टाइम्स."

वीस वर्षं मशीनच्या आवाजात त्या दोघांचं सगळं बोलणं हातवाऱ्यांवर चाललं होतं. रेचं पुटपुटणं मावशीला कधीच धड कळलं नाही. त्याच्या दारातून परत येऊन गाडीत बसली की ती मला विचारायची, काय म्हणाला गं तो? म्हणून तो बाजूला झाल्यावर मी तिच्या कानाशी वाकले आणि मराठीत पुन्हा सांगितलं, "तुझ्याच शब्दावर मत दिलं म्हणतो, दोन्ही निवडणुकांत."