आबांची हाळी

महापुरानंतर माझ्या वडिलांनी, आबांनी, बोलणंच टाकलं. मुके झाले नव्हते. व्हय, न्हाय, जेवलो, एवढं निघायचं. पण ज्या माणसाचा आवाज नदीपलीकडच्या मळ्यात ऐकू जायचा, तो दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसला की घराचं काय होतं ते घरातल्यालाच ठाऊक. मी मुळात तापट. भांडून बघितलं, रडून बघितलं, शेवटी डॉक्टरांपुढं नेऊन बसवलं. ते म्हणाले, जरा बाहेर फिरवून आणा. माझ्या डोक्यात गवे आले. राधानगरीच्या वर, जंगलातल्या उंच सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, त्यांचे कळप चरायला येतात. माणसं बघून बोलत नाहीत, तर जनावरं बघून तरी तोंड उघडतील, असं मला वाटलं.

कारण आबांचा सगळा जन्म म्हशींत गेला. नदीकाठी आमचा गोठा. संध्याकाळी म्हशी शहरातल्या दूधकट्ट्यावर न्यायच्या आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात द्यायचं, हा धंदा. पण आबांचा खरा जीव दिवाळी पाडव्याला निघणाऱ्या म्हशींच्या मिरवणुकीत. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, आणि आबा मोटारसायकलीवर पुढं, सायलेन्सरची पुंगळी काढलेली. त्यांनी हाळी दिली की म्हशी शेपट्या वर करून मागनं पळत सुटायच्या. लोक शिट्ट्या मारायचे. हे आपोआप होत नाही. रेडकू असल्यापासून शिकवावं लागतं, की हाळी ऐकली की चारा सोडायचा, पाणी सोडायचं आणि मालकाच्या मागं यायचं. आबांएवढं ते कुणाला साधलं नव्हतं.

पूर चढला तेव्हा आबांनी दावी कापली आणि म्हशी देवळाजवळच्या उंचवट्यावर नेऊन उभ्या केल्या. तिथं पाणी त्यांच्या गुडघ्याएवढंच होतं. मग बोट आली. बोटीत फक्त माणसं घेत होते. मी आबांच्या दंडाला धरून त्यांना आत ओढलं. बोट हलली तसं आबांनी मागं वळून हाळी दिली. का दिली हे त्यांनाही सांगता यायचं नाही. म्हशी मागं ठेवून कधी कुठं गेलेच नव्हते, तोंडातनं तेवढंच निघालं. आणि म्हशी आल्या. शिकवल्यासारख्या एकीमागनं एक पाण्यात उतरल्या आणि बोटीच्या रोखानं पोहायला लागल्या. नदीच्या मुख्य धारेत आल्या तशा तिरक्या जायला लागल्या. आबा ओरडत होते, पण परत परत तीच हाळी. माघारी फिरा, हे त्यांना कधी शिकवलंच नव्हतं. मी बोटीच्या कडेला धरून बघत होते. काळी डोकी लांब लांब गेली आणि मग दिसेनाशी झाली.

एक म्हातारी म्हैस तेवढी उंचवट्यावर राहिली. ती बहिरी होती. पाणी उतरल्यावर तिथंच सापडली, चिखलात उभी, जिवंत. आबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्याच दिवशी तिला दुसऱ्याच्या दावणीला बांधून आले. तिच्याकडं बघवत नव्हतं त्यांना. त्यानंतर गोठा रिकामाच आहे.

तर उन्हाळ्यात मी आबांना घेऊन सडा चढले. बरोबर वाटाड्या होता, जंगलातल्याच एका वाडीतला. आणखी एक जोडपं होतं, पुण्याकडचं, गळ्यात हाताएवढा लांब कॅमेरा. चढ जीव काढणारा. करवंदीच्या जाळ्या अंगाला ओरबाडत होत्या. आबा मध्येमध्ये थांबायचे, पण कुरकुर नाही. वर कातळाचं पठार सुरू झालं तिथं वाटेत शेणाचा पो पडला होता. आबा वाकले, बोटांनी तो फोडला, वास घेतला आणि म्हणाले, "ताजं हाय. पाण्याकडं गेल्यात."

वाटाड्या हसला. "बरूबर वळखलंसा की, पावणं."

मला तर आभाळ ठेंगणं झालं. आपणहून दोन वाक्यं बोलले होते. मनात म्हटलं, जमलं, आता हे माणसात येणार.

सड्याच्या कडेला एक लहान तळं होतं. आम्ही झुडपाआड बसलो. वाटाड्यानं बोट ओठावर ठेवून सगळ्यांना गप्प केलं. वारं समोरनं आमच्याकडं येत होतं, म्हणून गव्यांना आमचा वास जात नव्हता. थोड्या वेळानं झाडीतनं कळप बाहेर आला. काळीभोर अंगं, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. पुढं माद्या, मध्ये पिल्लं. तळ्याच्या रोखानं ते सरळ आमच्याच दिशेला चालत येऊ लागले. कॅमेरा कटकट वाजत होता. मी आबांकडं बघितलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ओठ हलत होते. आता हाळी देणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मला ती ऐकायचीच होती.

पुढच्या माद्या तळ्यात उतरल्या, पाणी त्यांच्या पोटाला लागलं. आबा ताडकन उभे राहिले.

"मागं फिरा! येऊ नगासा माझ्यामागनं! मागं फिरा!"

तोच आवाज होता, नदीपलीकडं जाणारा. कळप जागच्या जागी थिजला आणि मग एकदम वळला. दगड गडगडले, झाडी मोडली, आणि सगळे गवे पलीकडच्या उतारावरनं खाली दरीत उतरून गेले. आबा तरी ओरडतच होते, घसा फुटेस्तोवर.

कॅमेरेवाला चिडला. "अहो काका, किती लांबून आलोय आम्ही. काय केलंत हे?" मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुढचं गिळलं.

आबा कातळावर बसले. मी बाटली पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही. ते दरीकडं बघायला लागले. त्यांची नजर आता अधू झाली आहे, लांबचं धड दिसत नाही.

"फिरल्या का गं?" त्यांनी विचारलं.

"फिरल्या, आबा."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"उंचावर गेल्या न्हवं?"

वाटाड्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. खाली दरीत अजून फांद्या मोडल्याचा आवाज येत होता.

"व्हय आबा," मी म्हटलं. "उंचावरच गेल्या."