समीरदादा काय म्हणाला

सोमवारी सकाळी साडेनऊला लॅबच्या पांढऱ्या फळ्यावर सहा नावं लागायची. आठवड्यात कुणाचं किती काम झालं त्याप्रमाणे, वरून खाली. सहावं नाव माझं. यादी लिहायचा समीरदादा. पुण्याचा, पीएचडी झालेला, आमच्या प्रोफेसरांचा उजवा हात. त्या सोमवारी त्यानं माझं नाव लिहिलं, मार्करला टोपण लावलं आणि हसत हसत मराठीत म्हणाला, "कॅटेगरीचा माल इम्पोर्ट केला की असंच होणार यार."

मराठी कळणारी तिथे मी एकटी. बाकीच्यांना वाटलं, गावाकडच्या गप्पा चालल्यात. मी तीन वर्षांपूर्वी नागपूरहून अमेरिकेत इलिनॉयला आले, बॅटरीवर संशोधन करायला. इतक्या लांब येऊनही शिवी ऐकायची ती माझ्या आईच्या भाषेत. वर चेहरा हसरा ठेवायचा.

पहिल्याच दिवशी त्यानं माझं आडनाव विचारलं. मग नागपुरात घर कुठे ते. मग गेट परीक्षेतला रँक. तीन प्रश्नांत त्याला हवं ते कळलं. मला दादा म्हण, असंही तोच म्हणाला होता.

शेजारच्या टेबलावर ताकुमी बसायचा. जपानहून आलेला, यादीत पाचवा. त्यानं मला हळूच विचारलं, "काय म्हणाला तो?"

मला लाज वाटली. बोलणाऱ्याला वाटायला हवी होती ती लाज मला वाटली. खरं सांगायचं तर आधी कॅटेगरी म्हणजे काय, मग जात म्हणजे काय, मग माझी कुठली, सगळंच उलगडावं लागलं असतं. मी म्हटलं, "म्हणाला, खचू नकोस. मी आहे."

ताकुमीला केवढं बरं वाटलं. "चांगला सेनपाई मिळाला तुला," तो म्हणाला. सेनपाई म्हणजे त्यांच्याकडचा वरच्या वर्गातला थोरला, लहानांना सांभाळून घेणारा. थोडक्यात, दादा.

मग ती सवयच लागली. समीरदादा म्हणायचा, "तुझ्या आरक्षणाला विचार, सॅम्पल का फुटलं ते." मी ताकुमीला सांगायचे, भट्टीचं तापमान कमी कर म्हणतोय. मी उत्तम भाषांतरकार होते.

ताकुमी दुपारी डबा खाताना बोलायचा. कॉलेजची प्रवेश परीक्षा तो दोनदा नापास झालेला. दोन वर्षं घरी बसून अभ्यास. अशा मुलांना तिकडे रोनिन म्हणतात, म्हणजे धनी नसलेला योद्धा. त्या दोन वर्षांत त्याच्या आईनं कोपऱ्यावरच्या दुकानात जाणं सोडलं. तिथे लोक विचारायचे. अकरावीत त्याच्या वर्गातल्या एका मुलानं निकालानंतर आत्महत्या केली. बाईंनी त्याच्या बाकावर फुलदाणी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सराव परीक्षा घेतली. "आम्ही सगळ्यांनी पेपर लिहिला," ताकुमी म्हणाला. "मला चांगले मार्क पडले."

मी त्याला माझ्या कॉलेजच्या हॉस्टेलमधल्या एका खोलीबद्दल सांगितलं, तिथल्या मुलीनंही असंच केलं होतं. दोघांनीही डबे तसेच बंद केले.

हिवाळ्यात त्याचे प्रयोग एकामागून एक फसले. तो वाळत गेला. प्रश्न विचारला की आधी माफी मागायचा, मग उत्तर द्यायचा. फेब्रुवारीत एका सकाळी तो समीरदादाच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. एक महिना सुट्टी हवी होती. प्रोफेसरांना तुम्ही सांगाल का, म्हणाला. समीरदादानं स्क्रीनवरून नजरही काढली नाही. इंग्रजीत म्हणाला, "दोन वर्षं घरी बसून झाली ना तुझी? अजून किती बसणार?"

ते दोन वर्षांचं ताकुमीनंच त्याला विश्वासानं सांगितलेलं. ताकुमी वाकला, आभार मानले आणि जागेवर येऊन बसला. मी ऐकलं. मी मायक्रोस्कोपमध्ये बघत राहिले.

तो समुपदेशकाकडे गेला नाही. प्रोफेसरांकडे गेला नाही. सेनपाईकडे गेला. तो सेनपाई मी बनवला होता.

नवव्या दिवशी ताकुमीनं आत्महत्या केली.

अशा मरणाला एकच कारण नसतं, असं समुपदेशक बाईंनी आम्हाला सांगितलं. खरं असेल. माझ्या वाट्याचं कारण मला माहीत आहे.

पुढच्या सोमवारी फळ्यावर पाच नावं होती. ताकुमीचं पुसलेलं, माझं त्याच्या जागी. समीरदादा हलक्या आवाजात म्हणाला, "काही न करता एक नंबर वर आलीस. तुम्हाला सवयच आहे म्हणा."

काय म्हणाला, हे विचारायला शेजारी कुणी नव्हतं.

दोन आठवड्यांनी ताकुमीची आई आली, त्याचं सामान न्यायला. विभागाच्या खोलीत लॅबमधले आम्ही सगळे, प्रोफेसर, डीनच्या ऑफिसातल्या एक बाई आणि जपानी दुभाषी. आई ठेंगणी, काळ्या कपड्यांत. तिनं पहिलंच विचारलं, समीर कोण?

तो उभा राहिला. ती कमरेत वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. दुभाषीनं सांगितलं, "मुलगा घरी लिहायचा की इथे एक चांगले सेनपाई आहेत. भारतातून आलेल्या मुलीला रोज धीर देतात. त्याला सांभाळलंत, मी आभारी आहे."

समीरदादानं हात जोडले. ते आभार त्यानं ठेवून घेतले.

मी खुर्ची मागे सारून उठले. तो माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाला, "खाली बस. आपल्यातली गोष्ट आपल्यातच राहू दे."

तीन वर्षांत मी पहिल्यांदा त्याच्या 'आपल्यात' आले होते.

डीनच्या ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, "काय म्हणाले ते?"

मी सांगितलं. जसंच्या तसं. मग दुभाषीला म्हटलं, "आईंना विचारा, मला तुमच्या मुलाबद्दल एक खरी गोष्ट सांगायची आहे. वाईट आहे. ऐकायची आहे का?"

आईनं माझ्याकडे बघून दोनच वाक्यं उच्चारली. दुभाषी म्हणाली, "त्या म्हणतात, चांगलं सांगणारे पुष्कळ भेटले. तुम्ही सांगा."

आधी माझं खोटं सांगितलं. मग त्याची वाक्यं, एकेक. आधी मराठीत, मग इंग्रजीत, दुभाषीनं जपानीत. कॅटेगरी या शब्दाला सगळ्यात जास्त वेळ लागला. समीर मध्येच म्हणाला, "हे आमच्याकडचं जोकिंग आहे, तिचा गैरसमज झालाय." प्रोफेसर टेबलाकडे बघत बसले. आईनं त्यानंतर कुणापुढेही मान झुकवली नाही. मला तिनं माफ केलं नाही, मी माफी मागितलीही नाही.

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या एका मराठी काकूंचा फोन आला. "अगं, आपलाच माणूस आहे. त्याचं करिअर जाईल. तुझा व्हिसा पण लॅबवरच आहे ना?" आहे. मला भीतीही वाटते, रोज वाटते.

विद्यापीठाच्या चौकशी समितीनं गुरुवारी बोलावलंय. दुभाषी हवा का, असं त्यांनी विचारलं होतं. नको म्हणून कळवलं. त्याचं प्रत्येक वाक्य मीच सांगणार आहे, आणि त्यातला एकही शब्द मऊ करणार नाही.