चार कोरड्या बाटल्या

आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले मामा धुतलेला बीकर खिडकीकडे धरत आणि एक डोळा मिटत. काचेला एखादा थेंब जरी चिकटलेला दिसला, की बीकर पुन्हा मोरीत. “सोच्छ काचेवर थेंब थांबत न्हाई,” एवढंच त्यांचं रसायनशास्त्र. शिक्षण सातवी. पण सरांनी पास केलेली भांडी मामा बिनदिक्कत नापास करत आणि आम्ही मागं हसत असू.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी विज्ञानाच्या एका देशपातळीवरच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. मिळाली तर पुढचं शिक्षण. नाही तर लग्न आणि हातात कोयता, हे घरात ठरलेलंच होतं. शिरूर कासारजवळच्या आमच्या गावातल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती, हे दर सोमवारी तपासायचं, असा माझा प्रकल्प होता. मामा शनिवारीच तारखेची चिठ्ठी लावलेली धुतलेली बाटली काढून ठेवत. मी ती घरी नेऊन सोमवारी भरून आणी.

पौषात ऊसतोडीला गेलेली आई साखर कारखान्यावर तापानं पडली. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे दोघांची जोडी. एक पडला की दुसऱ्याचंही काम थांबतं. चार आठवडे मी आईच्या जागी उभी राहिले. परत आले तेव्हा वहीत चार रकाने रिकामे होते. आधीचे आणि नंतरचे आकडे बघून मी मधले चार बसवून टाकले. ते इतके चपखल बसले, की सरांनी शाबासकी दिली. तीच वही अर्जासोबत गेली.

पुण्याच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी मामांनी मला हाक मारली. ओट्यावर चार बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. चिठ्ठ्यांवर त्याच चार सोमवारांच्या तारखा होत्या.

“ह्या तू नेल्याच न्हाईस,” मामा म्हणाले. “मंग पाणी कशात आणलंस?”

कुणाला सांगू नका, म्हणून मी गयावया केली.

“मी कशापायी सांगू? माजं काम भांडी धुयाचं हाय.”

त्यांनी बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवल्या. मला असा संताप आला, की निरोपही न घेता मी निघाले. एस.टी.त मांडीवरच्या पिशवीत त्या पुण्यापर्यंत वाजत होत्या.

समोर तीन परीक्षक होते. एकानं नेमकं तेच पान उघडलं आणि आकडे फार सुरेख आलेत, असं कौतुकानं म्हणाला. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मी बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या.

“हे चार आकडे खोटे आहेत. मी तेव्हा ऊस तोडायला गेले होते.”

त्यांच्यातल्या बाईंनी कागद पुढं सरकवला. ते चार वगळून निष्कर्ष टिकतो का, ते इथंच काढून दाखवा म्हणाल्या. मी गणित मांडलं. निष्कर्ष टिकला. “या तुम्ही,” एवढंच ऐकून मी बाहेर आले.

यादी लागायला दीड महिना गेला. मामांशी बोलणं नव्हतं. यादीत नाव दिसलं तेव्हा मात्र पाय आधी त्यांच्याकडेच वळले. मी खरं सांगितलं नसतं तर तुम्ही काय केलं असतं, असं मी विचारलं. मामा बीकर खिडकीकडे धरून उभे होते.

“काय करणार? सगळ्याइची भांडी धुतली असती. तुजी न्हाई.”

मामा गेल्या वर्षी वारले. मी आता संशोधन करते तिथं भांडी धुवायला यंत्र आहे, तरी माझी भांडी मी हातानं धुते आणि खिडकीकडे धरते. थेंब दिसला की पुन्हा धुते. परवा वहीत एक रकाना रिकामा राहिला. तो तसाच ठेवला आणि खाली लिहिलं, आजारी होते. मामा, ते पान तुम्हाला दाखवायचं होतं.