साहेब, गिऱ्हाईक होऊन या

मी तोंडाची फटकळ. अख्खी नोकरी प्राथमिक शाळेत गेली, तिथं आवाज चढला तो आजवर उतरला नाही. निवृत्त झाल्यावर मी घरात सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसत बसणार, ही तिची मोठी धास्ती. तेवढ्यात नगरपालिकेनं शहराच्या रोजगार धोरणावर लोकांचं म्हणणं गोळा करायला नागरिकांची समिती काढली, आणि समितीत एखादी बाई हवी म्हणून माझं नाव घातलं. सुनेनं पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

धोरणाचा मसुदा मी शाळेचा पेपर तपासावा तसा वाचला. वाईट नव्हता. आमचं तालुक्याचं गाव, इथली पोरं बुलढाण्याला कॉलेज करतात आणि तिथूनच पुण्याची गाडी धरतात. तेव्हा गावातच काम उभं राहावं, पोरींना शिवणाचं नि कॉम्प्युटरचं शिकवावं, बायपासला शेड बांधून छोटे कारखाने तिथं न्यावेत, असं सगळं त्यात होतं. मी खूश होऊन मान डोलावत होते. शेवटी शेवटी कळलं, की सगळ्यात आधी हलवायची ती गादीवाल्यांची गल्ली.

ती गल्ली म्हणजे माझीच गल्ली. आमच्याकडं कापूस पिकतो, तेव्हा गादीवाले असणारच. कापूस पिंजायची मशीन दिवसभर घरघरते, तिचा भुगा उडतो, आम्ही सगळे बारा महिने शिंकत असतो. मशीन गेली तर मला वाईट वाटलं नसतं, खोटं कशाला बोलू. पण मसुद्यात नुसती मशीन नव्हती. कापड कापण्यापासून गादी बांधण्यापर्यंत सगळं काम एका छताखाली, असं लिहिलं होतं. म्हणजे खोळी शिवणाऱ्या बायांनीही सकाळी बायपासला जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं.

माझ्या भिंतीला भिंत लागून भाभीचं घर. माझ्याहून लहान आहे, पण अख्खी गल्ली तिला भाभी म्हणते म्हणून मीही म्हणते. तिचा नवरा गादी भरण्यात गल्लीत एक नंबर होता. एकदा ट्रकमधून माल उतरवताना कापसाची गठाण अंगावर आली आणि कमरेखालचं अंगच गेलं. तेव्हापासून तो खाटेवर. त्याला भरवणं, पुसणं, या कुशीवरून त्या कुशीवर करणं, सगळं भाभी करते, आणि त्याच खोलीत शिलाई मशीन टाकून गाद्यांच्या खोळी शिवते. बायपासला गेली तर नवऱ्याला कोण बघणार, आणि नाही गेली तर खाणार काय? मसुदा लिहिणाऱ्याला हे कुठून माहीत असणार.

पालिकेच्या फळ्यावर हरकती आणि सूचना मागवल्याची नोटीस लागली. ती वाचायला कोणी फिरकलं नाही. पालिकेचे मुख्याधिकारी, आमचे साहेब, कोकणातले, बदलीवर आलेले, मनानं सरळ. ते म्हणाले, लोक येत नाहीत तर आपण जाऊ, गल्लोगल्ली बसू, तोंडानं विचारू. मला त्यांचं भारी कौतुक वाटलं.

साहेब येणार म्हटल्यावर गल्लीनं काय करावं? सकाळीच सडा टाकला. नवी कोरी गादी अंथरली, तिच्यावर लोड ठेवले. साहेब बसले न बसले तोच बशीत फरसाण आणि वर साय तरंगणारा चहा आला. साहेबांनी विचारलं, शेडमध्ये जायला कोणाला काही अडचण आहे का? गादीवाले एकमेकांकडं बघून हसले. "नाही साहेब, चांगलंच होऊन राह्यलं." बायांना विचारलं. त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बरं हाय की." भाभीला मी मागून कोपरानं ढोसत होते. ती म्हणाली, "साहेब, अजून अर्धा कप घ्या ना."

साहेब तृप्त होऊन उठले. जाता जाता मला म्हणाले, बघा मॅडम, एकाचीही हरकत नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांची पाठ वळल्यावर मी भाभीच्या दारात जाऊन उभी राहिले. बघते तर ती मशीनवर डोकं टेकून रडत होती. मी म्हटलं, "आता काऊन रडून राह्यली वं? मघा जीभ कुठं गेली होती?"

"मॅडम, घरी आलेल्या मानसाच्या तोंडावर कसं बोलाव? त्यानं आपल्या हातचा चहा पेला."

मग तिनं सांगितलं. सोनाळ्याला तिचा दीर असतो, शेती करतो. तो रविवारी गाडी घेऊन येणार होता, नवऱ्याला कायमचं घेऊन जायला. तिथं भरलं घर आहे, कोणी ना कोणी बघेल. आणि ही इकडं एकटी, बायपासच्या शेडमध्ये. "त्याले सोनाळ्याले करमनार नाही, मॅडम. मले इथं करमनार नाही. पण काय करता?" खाटेवर तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. झोपला नव्हता, हे त्याच्या खांद्यांवरून कळत होतं.

रात्रभर मी साहेबांना मनातल्या मनात फैलावर घेतलं आणि सकाळी प्रत्यक्ष घ्यायला पालिकेत गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मॅडम, तुमचं पटतंय मला. पण ज्यांचं काम जाणार त्यांनी एका शब्दानं सांगितलेलं नाही. मसुदा मंजुरीला येईल त्या सभेत मी काय म्हणू, शेजारणीला वाईट वाटलं म्हणू?" माणूस काही चुकीचं बोलत नव्हता.

मी गल्लीत इतकी वर्षं काढली आहेत. पाहुण्यासमोर ही माणसं तोंड उघडत नाहीत, मान्य. पण गिऱ्हाईक आलं की यांच्या तोंडाचा पट्टा ऐकावा. गिऱ्हाइकाशी हे लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत भांडतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. हे डोक्यात आलं आणि मी साहेबांना विचारलं, "तुमच्या घरी जुनी गादी आहे का हो?"

साहेब बुचकळ्यात पडले. म्हणाले, "आहे. मधे खड्डा पडलाय तिला."

"मग ती घेऊन गल्लीत या. एकटे या. साहेब म्हणून येऊ नका, गिऱ्हाईक होऊन या. आणि देवाशपथ, चहा मागू नका."

माणूस खरंच आला. ऑटोत गादी कोंबून, घामाघूम होऊन. आदल्या वेळी ज्यानं लोड ठेवले होते त्याच गादीवाल्यानं गादीची शिवण उसवली, आतला कापूस मुठीत धरला आणि साहेबांच्या नाकासमोर नेला. "हा कापूस हाय? चिंध्या भरल्या ह्या. कुठून आनली बे ही, सॉरी, कुठून आनली साहेब?" साहेबांनी कुठल्या तरी दुकानाचं नाव सांगितलं. मग गादी कशी घ्यावी, उन्हात कशी घालावी, यावर त्यांची चांगलीच शाळा झाली. मी ओट्यावर बसून पदराआड हसत होते.

खोळीसाठी त्यांना भाभीकडं पाठवलं. साहेब दारात उभे राहून म्हणाले, शनिवारपर्यंत द्या.

"शनिवारी नाही होत."

"मग सोमवारी द्या."

"सोमवारीबी नाही. मशीन बंद करून राह्यली मी."

"का?"

भाभीनं हातातली कात्री खाली ठेवली. "काऊन काय साहेब? तुमीच बंद करून राह्यले अन् मलेच इचारता? बायपासले चला म्हनता. ह्या मानसाले काय खांद्यावर घेऊन जाऊ? त्याचा भाऊ येऊन राह्यला रविवारी, घेऊन जाईल त्याले. मंग येतो तुमच्या शेडात. मंग शिवत बसतो तुमच्या खोळी दिवसभर, कोनासाठी शिवून राह्यली ते मात्र इचारू नका."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी मी इथंच बसलो होतो, ताई. तेव्हा का नाही सांगितलं?"

"त्या दिवशी तुमी पाहुने होते."

आवाज ऐकून आजूबाजूच्या बाया गोळा झाल्या. एकीचं लेकरू अंगावर पीत होतं. एकीची सासू आंधळी होती, तिला चुलीजवळ एकटी सोडता येत नव्हती. सगळ्या एकदम बोलायला लागल्या, गिऱ्हाइकाशी बोलतात तशा, हात नाचवत. गादीवालेही बाजूनं सांगू लागले, की मशीन न्यायला आमची ना नाही, तिथं जागा मोकळी आहे, आगीची भीती कमी, पण खोळी इथंच शिवू द्या. साहेब पायरीवर बसून ऐकत राहिले. मी एक अक्षर बोलले नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे.

पालिकेची सभा शुक्रवारी होती. समितीची म्हणून मला मागच्या खुर्चीवर बसू दिलं, पण बोलायची परवानगी नव्हती, आणि तीच मोठी शिक्षा. साहेबांनी बदल वाचून दाखवला: पिंजण्याची मशीन आणि गादी भरणं शेडमध्ये जाईल, शिवणकाम घरोघरी राहील, कापड पोचवायला नि खोळी आणायला टेम्पो लावला जाईल. एक सदस्य उठले. म्हणाले, आज शिवणाऱ्यांना सूट दिली तर उद्या प्रत्येक धंदा हात पसरेल, धोरणाला अर्थ काय उरला? दोघातिघांनी माना हलवल्या. रविवार दोन पावलांवर होता, आणि इथं ही माणसं धोरणाचा अर्थ शोधत बसली होती. ओठ दाबून दाबून माझे दात दुखायला लागले.

साहेब म्हणाले, "मी लोकांना विचारायला गेलो तेव्हा सगळे हो म्हणाले. ते खरं नव्हतं. जे खरं होतं ते मी गादी घेऊन गेलो तेव्हा कळलं. घरात आजारी माणूस असलेली बाई शेडमध्ये येऊ शकत नाही, आणि ती आली नाही तर शेडमध्ये शिवणार कोण? माझी स्वतःची खोळ अजून मिळालेली नाही." लोक हसले. हसता हसता सुधारणा मंजूर झाली. विरोध करणाऱ्या सदस्यांनीही हात वर केला. मी खुर्चीवरच हातपाय सैल सोडून बसले. इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

घरी चप्पल न काढता तशीच भाभीकडं गेले आणि सांगून टाकलं. ती रडेल असं वाटलं होतं, पण नाही रडली. मग नवऱ्याला म्हणाली, भावाला फोन करा, गाडी आणू नको म्हणा.

घरात ते त्यांच्या हिंदीत बोलतात. तो छताकडं बघत म्हणाला, भावाला मीच बोलावलं होतं. त्याच्या मनात काही नव्हतं, मीच मागं लागलो. तुझ्यामागची एवढी तरी कटकट कमी होईल म्हणून. आता कोणत्या तोंडानं नको म्हणू?

भाभीला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. ती त्याच्याकडं बघत राहिली, रागानं की कशानं, मला सांगता येणार नाही. मग तिनं त्याच्या उशाचा फोन उचलला आणि स्वतःच लावला.

"भाई, इतवार को गाडी मत लाना. ये इधरीच रहेंगे."

पलीकडून दीर काहीतरी बोलला. तिचं काम, त्याची उठबस, ती एकटी कुठवर करणार, असं काहीसं असावं. भाभीनं सगळं ऐकून घेतलं.

"वो सब ठीक है भाई," ती म्हणाली. "पन मेरेकू इधर लगते ये."